खुर्चीवरची फुलाफुलांची चादर

आपल्यासारखी नजर शंभर वर्षांत एखाद्यालाच लाभते, असं भिंगराव स्वतःच सांगत, कारण दुसरं कुणी सांगत नसे. टपाल कचेरीत तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारता मारता, पाकीट न उघडता आतलं ओळखायची विद्या आपण कमावली, असा त्यांचा दावा होता. बायको हीच त्यांची मदतनीस. तिचं काम चष्मा शोधून देणं. तो बहुधा त्यांच्या कपाळावरच सापडे.

एका दुपारी शेजारच्या शिंपीणबाई तीन जुने फोटो घेऊन आल्या. आई गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आता साठी उलटली, आईचा चेहरा आठवेना आणि घरात तिचा एकही फोटो नाही. फोटोवाल्याकडे गेलं की ती म्हणे, माझा कशाला, पोरीचा काढा. उरले ते हे तीन, आणि तिन्हींत तान्ह्या शिंपीणबाई एकट्याच.

"एकट्या नाहीत," भिंगराव म्हणाले.

बाळामागे खुर्चीवर फुलाफुलांची चादर होती आणि ती मधोमध फुगली होती. निष्कर्ष पहिला: चोरीचा माल. दुसऱ्या फोटोत फुगवटा डावीकडे कललेला, म्हणजे माल जिवंत. बकरी असावी. तिसऱ्यात चादरीखालून पाच बोटं निघून बाळाच्या बगलेत शिरली होती, तेव्हा बकरी निर्दोष सुटली आणि मुलं पळवणारी टोळी अडकली.

शिंपीणबाईंचा चेहरा उतरला. आई शोधायला यावं आणि पळवलेली पोर ठरून परत जावं, हे काही त्यांना झेपेना.

बायकोने बटण लावणं थांबवून फोटो हातात घेतला.

"अहो, बसता न येणारं पोर धरायचं कुणी? आईला चादर पांघरून मागे बसवायचे. आपल्या थोरल्याच्या फोटोत मीही तशीच आहे."

भिंतीवरचा तो फोटो भिंगराव चाळीस वर्षं बघत होते.

"ती तू? मला वाटलं, गादी आहे. मग मी कुठे होतो?"

"समोर. खुळखुळा वाजवत."

शिंपीणबाईंचं इकडे लक्षच नव्हतं. त्या आपला पंजा त्या पाच बोटांशेजारी ठेवून बघत होत्या. करंगळी तशीच वाकडी.

दुसऱ्या दिवशी त्या तिसरा फोटो मोठा करून घ्यायला गेल्या. बाळाचा चेहराच मोठा करायचा ना, असं फोटोवाल्याने विचारलं.

"बाळ कापलं गेलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "चादर पूर्ण आली पाहिजे."