पाटाच्या चढापर्यंत

“चांदसाहेब, गाडी तुमी बिघडवलीसा.”

उदयसिंह सुभेदार कराडच्या गॅरेजात चार गिऱ्हाइकांदेखत हे बोलले आणि चांदसाहेब मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. शेजारी उभ्या असलेल्या शिवांजलीला धक्का बसला तो आरोपाचा नव्हे, ‘तुमी’चा. तीस वर्षं तिचे वडील मिस्त्रींना ‘चांद’ आणि ‘गड्या’ म्हणत आले होते. आज एकदम ‘तुमी’! भांडणं तिने पुष्कळ पाहिली होती. पण या दोघांमध्ये इतका आदर तिने कधी पाहिला नव्हता.

“रविवारपातूर गाडी सुधारली न्हाई, तर मी दुसरं गॅरेज बघीन,” सुभेदार म्हणाले.

“आन् माझ्या कामात खोट निघाली, तर मी पाना खाली ठेवीन,” मिस्त्री म्हणाले. “आत्ता पडला तसा न्हाई. कायमचा.”

या सगळ्याचं मूळ शिवांजलीच होती. सुभेदारांच्या मोटरसायकलचा जुना सायलेन्सर गंजून चाळण झाला, तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या मुलीने तीन संध्याकाळी वाचन केलं, आकृत्या काढल्या आणि सांगलीहून नवा सायलेन्सर आणवला. मिस्त्रींनी तो शनिवारी बसवला. आकृत्यांमध्ये एकच गोष्ट नव्हती, आवाज. रविवारी भल्या सकाळी सुभेदारांनी अंगणात गाडी चालू केली, तेव्हा पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती दुपारी परतली. गोठ्यात धार काढत बसलेली आजी, बनुबाई, चरवी घेऊन बाहेर आली. चरवीच्या तळाला जेमतेम पेलाभर दूध.

“म्हशीनं पान्हा चोरला,” एवढंच म्हणून ती आत गेली. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला.

सोमवारपासून दूध पूर्ववत झालं, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मात्र सोमवारपासूनच गाडी अडखळू लागली. हँडलला पीळ द्यावा, तर गाडी क्षणभर विचार करायची, दोन गचके द्यायची, खोकायची आणि मग नाइलाजाने पुढे सरकायची.

शिवांजलीने वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम तिने पहिल्या पानावर लिहिला. मंगळवारी मिस्त्रींनी प्लग बदलला. बुधवारी कार्बोरेटर उघडून जेट साफ केला. गुरुवारी सायलेन्सरच्या सांध्याला साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा आला नाही. आणि प्रत्येक वेळी मिस्त्रींनी चक्कर मारली की गाडी सुतासारखी सरळ! सुभेदार घरून निघाले की पुन्हा तेच. शेवटी शुक्रवारी त्या ‘तुमी’वर गोष्ट आली.

घरी आणखी एक कटकट चालू होती. सैन्यात असताना लडाखमधून आणलेले सुभेदारांचे लोकरीचे मोजे दोरीवरून नाहीसे होत होते. रोज एक. प्रत्येक मोज्यावर त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने नंबर शिवला होता, त्यामुळे हजेरी चुकणं शक्यच नव्हतं. ती हजेरीही ते शिवांजलीच्या वहीतच मांडायला लावत.

“पाच गैरहजर!” शुक्रवारी संध्याकाळी दोरीसमोर उभे राहून ते गरजले. “कुत्रं दिसू दे आता मला!”

“पप्पा, मोजे राहू द्या. गाडी नेमकी कुठं अडखळते?”

“घरापास्नं पाटाच्या चढापातूर. चढावर जोर दिला की एक दणका बसतो. मग फुलावानी पळती.”

शिवांजलीची पेन्सिल थांबली. “म्हणजे कराडला पोचेपर्यंत गाडी चांगली झालेली असते?”

“मग!”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“कुणी इचारलंवतं?”

आठवडाभर मिस्त्रींनी धडधाकट गाडी उघडून बंद केली होती! तिने त्यांना फोन लावला. “चाचा, गाडी तुमच्याकडं येते तेव्हा बरी झालेली असते. रविवारी सकाळी तुम्हीच घरी या.”

रविवारी उजाडता उजाडता चांदसाहेब स्कूटरवरून आले. सुभेदारांनी त्यांना चहाही विचारला नाही. दोघांनी एकमेकांना नुसती मान हलवली. सुभेदारांनी गाडी चालू करून नेहमीप्रमाणे दहा मिनिटं गरम केली. आवाज घुसमटलेला, उशीत तोंड खुपसून घोरावं तसा. गोठ्यात बनुबाईची धार निवांत चालली होती.

“ह्यो माझ्या सायलेन्सरचा आवाजच न्हाई,” मिस्त्री पुटपुटले.

सुभेदार पुढे निघाले. मागे स्कूटरवर मिस्त्री, त्यांच्या मागे वही घेऊन शिवांजली. गाडी खोकत, गचके खात पाटापाशी आली. चढ लागला. सुभेदारांनी पूर्ण पीळ दिला.

फडाक!

सायलेन्सरमधून काळं, धुरकट काहीतरी सुटलं आणि स्कूटरच्या दिव्यावर आदळलं. मिस्त्रींनी कचकन ब्रेक मारला. शिवांजलीची वही पाटात गेली. आणि सव्वीस वर्षं तोफखान्यात काढलेल्या सुभेदारांनी गाडी सोडून उसात झेप घेतली.

“आड घ्या!” उसातून आवाज आला. मग थोड्या वेळाने, “किती जखमी?”

शिवांजलीने दिव्यावरची वस्तू दोन बोटांनी उचलली. लोकर जळल्याचा वास येत होता. काजळीखाली पांढरा दोरा दिसत होता, ‘७ डावा’.

“एक मोजा, पप्पा.”

चढाच्या कडेला गवतात बाकीचे सहा सापडले. सुभेदार ते हातात धरून नुसते बघत राहिले. शिवांजलीने पाटातून ओली वही काढली. वहीत मोज्यांचं एक पान होतं, गाडीचं एक; दोन्ही पानांची सुरुवात सोमवार. समोरासमोरची पानं!

घरी आल्यावर बनुबाईने मात्र काहीच लपवलं नाही.

“मीच कोंबलं त्या नळीत. दोरी गोठ्याजवळ, जे हाताला लागलं ते घेतलं.”

“आई, पर का?”

“का म्हंजी? म्हस काय तुझ्या पलटणीतली हाय व्हय, तोफंखाली दूध द्याया?”

“आगं, मला सांगायचं तरी!”

“तुला? तू आजवर कुणाचं ऐकलंयस?”

सुभेदारांनी मोज्यांकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, घसा खाकरला. “चांद... गड्या, च्या घेनार का रं?”

“साखर जरा जास्त टाक,” चांदसाहेब म्हणाले. सात नंबरचा मोजा त्यांनी निरखून पाहिला. “फिटिंग मातूर झकास हाय हां बनुआक्का. एवढा टाइट पार्ट मलाबी बसवता आला नसता.”

सोमवारी सुभेदारांनी शहाणपण केलं. मोजा काढला आणि गाडी चालू न करता ढकलत पाटापर्यंत नेली. घर चिडीचूप. गाडी तिथेच लावून परत आले, तर बनुबाई रिकामी चरवी घेऊन उभी. म्हैस दावणीला मान वळवून अंगणातल्या गाडीच्या जागेकडे टक लावून बघत होती. कासेला हात लावू देईना.

“आता काय झालं हिला?”

शिवांजली वाळलेल्या वहीकडे बघत राहिली. सात दिवस, रोज त्याच वेळी, तोच घुसमटलेला आवाज आणि धार. म्हशीला त्या आवाजाचीच सवय लागली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम घरात एकट्या आजीने पाळला होता.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “मोजा आणा.”

आता रोज पहाटे सुभेदार गोठ्याच्या दारात स्टँडवर लावलेल्या गाडीवर ताठ बसतात. सायलेन्सरमध्ये मोजा असतो. आतून हुकूम येतो.

“वाईच वाढव... बास. आता कमी कर.”

चरवी भरली की बनुबाई मोजा उपसून दोरीवर टाकते. मग सुभेदार कराडला जातात. पाटाच्या चढावर गाडी आता दणका देत नाही. सुभेदार मात्र तिथे आले की थोडे वाकतात.