सुमनअक्कांची मागची खोली

सुमनअक्का गल्लीत शिरल्या की माधवनगरातले घरमालक गॅसवरचा चहा खाली उतरवतात.

अक्का आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या. यंत्रमागावर कामाला बिहारहून आलेल्या कुटुंबांना भाड्यानं खोल्या मिळवून देणं हे त्यांचं काम. खोल्या का मिळत नाहीत याचा अहवाल लिहिणं हे माझं. अक्कांची पद्धत ठरलेली. दारात खोलीचं नाव काढायचं नाही. गुडघे दुखतात म्हणून टेकायचं, सुनेची चौकशी करायची, चहा येऊ द्यायचा. कप रिकामा झाला की विचारायचं, "तर दादा, मागली खोली कुणाला देताय?"

"च्या पाजल्यावर न्हाई म्हणाय जड जातंय बाई," त्या मला समजावत.

सुरुवातीला हे चाललं. मग मालक शहाणे झाले. एकानं अक्कांना लांबून पाहून बायकोला घाईनं कडी लावायला सांगितली आणि स्वतःच बाहेर अडकला. अक्का त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. "बसा दादा. तुमाला बी आत घेईनात, आमाला बी."

माझ्या अहवालाला त्या भीक घालत नसत. "चांगला लिवलाय. पर त्याला छप्पर हाय का?"

यंदा जुन्या गिरणीमागची चाळ पाडायचं ठरलं. तिथं रामदेव, त्याची बायको आणि मुलगी रिंकी राहत. रिंकी इथल्याच मराठी शाळेत शिकलेली, बोलणं अगदी आमच्या माणसांसारखं. महिनाअखेर खोली मिळाली नाही तर तिघांनाही गावी परतावं लागणार होतं, आणि तिथं पोरीची शाळा सुटणार हे तिची आईच सांगत होती.

अक्का रोज फिरल्या. चहा कुठंच मिळाला नाही.

"माणसं चांगली असतील हो," एक मालक म्हणाले, "पण गल्ली काय म्हणंल?"

"तुमचा पोरगा मुंबईत कुणाच्या खोलीत ऱ्हातो?"

"ते वेगळं, अक्का. तो आपला आहे."

परतताना मी सरळ विचारलं, "अक्का, तुमची मागची खोली रिकामीच असते ना?"

"ती पोराची हाय. दिवाळीला येतो न्हवं त्यो."

पोरगा पुण्यात असतो. मी त्याला एकाही दिवाळीला पाहिलेलं नाही. पण हे बोलून खोली मिळणार नव्हती, म्हणून बोलले नाही.

महिना संपत आला तसा एका रविवारी सकाळी अक्कांचा फोन आला, लगेच या म्हणून. गेले तर अंगणात पलंग, कपाट, पोराचं अभ्यासाचं टेबल. आत फिनेलचा वास. अक्का खिडकीचे गज पुसत होत्या.

"रामदेवला घेऊन या. म्हणावं, भाड्याचं मागनं बगू."

मी चाळीत गेले. खोलीत एक फुटकी बादली तेवढी होती. शेजारीण म्हणाली, "काल मिरजेहून गाडीत बसले. अक्कांना सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं, म्हणत होते."

परत येऊन मी अक्कांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुसलेले गज पुन्हा पुसले.

दुपारी त्यांचा फोन वाजला. रिंकी होती. गाडी भुसावळच्या पुढं गेली होती. फोन मोठ्यानं लावलेला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"अक्का, खोली मिळाली व्हय?"

अक्कांनी त्या धुतलेल्या, मोकळ्या खोलीकडं पाहिलं. मग मला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

"न्हाई गं बाय. कुठंच न्हाई मिळाली. तुमी गेलासा ते बरं केलंसा."

फोन ठेवून त्या उंबऱ्यावर बसल्या. कपाट उन्हात तापत होतं. ते आत न्यायला मी एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूला हात लावायला अक्का बऱ्याच वेळानं उठल्या.