मान्यताप्राप्त आजोबा

उन्नतीची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि घरात एकच प्रश्न होता : सहा महिन्यांच्या ओजसला सांभाळायचं कोणी? नत्थूजींना हा प्रश्नच कळत नव्हता. त्यांच्या मते उत्तर समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलं होतं.

नत्थूजी एसटीतून रिटायर झाले होते. गणेशपेठच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. पत्नी कुसुमताई गेल्या तेव्हा ओजस उन्नतीच्या पोटात होता. त्यानंतर नत्थूजींनी आपणहून लंगोट बदलायला शिकून घेतलं, बाटली उकळायला शिकून घेतलं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"बाबा, कंपनी पाळणाघराचा भत्ता देते," उन्नती म्हणाली. त्यांची ही सून शहराबाहेरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत होती. "म्हणजे ओजस फुकटात राहील."

"अन् मायाजवळ का तिकीट काढून राहते?"

"तसं नाही बाबा. घरी ठेवलं तर भत्ता मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थाच लागते. मी एचआरला विचारलं, आजोबा चालतील का. ते म्हणाले, आजोबा ही मान्यताप्राप्त संस्था नाही."

"मिळून राहिलं तर काहून सोडायचं?" मोहितने बायकोची बाजू घेतली. "अन् तुमच्यानं झेपते का, बाबा? परवाच दूध उतू गेलं."

दूध उतू गेलं होतं हे खरं. आई असताना या घरात कधी दूध उतू जात नव्हतं, असं मोहितला हल्ली फार आठवत असे. नत्थूजींनी चहाचा कप उचलला आणि मोरीत नेऊन ठेवला. दिवसभराच्या रिकाम्या घराची कल्पना त्यांनी एकदा करून पाहिली आणि पुन्हा केली नाही.

फुकटचं पाळणाघर मिहानच्या गेटजवळ होतं. फुकट फक्त महिन्याची फी होती. प्रवेश शुल्क वेगळं होतं. संध्याकाळी उशीर झाला तर दंड वेगळा होता. ज्याला अजून धड बसता येत नव्हतं त्याला गणवेश होता आणि गणवेशाचे पैसेही होते. कुसुमताईंनी दुखण्यातही शिवून ठेवलेली दुपटी पाळणाघराने परत पाठवली. तिथे पांढऱ्या चादरी चालत, त्याही त्यांच्याकडूनच घेतलेल्या.

शिवाय कंपनीच्या बसमध्ये लहान मुलांना मनाई होती. त्यामुळे ओजसला ऑटोने न्यावं लागणार होतं, आणि नेणार कोण, तर ज्यांना झेपत नव्हतं ते नत्थूजी. त्यातून पाळणाघराचा नियम असा की मूल रुळेपर्यंत पहिला आठवडा घरचं एक माणूस व्हरांड्यात बसलं पाहिजे. म्हणजे घरी फुकट सांभाळणारा आजोबा आता रोज ऑटोचे पैसे देऊन मिहानला जाणार, प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवसभर बसणार आणि आपला नातू दुसरं कोणीतरी कसा सांभाळतं ते बघणार होता. याला घरात 'सोय झाली' असं म्हणत होते.

"आमच्याकडे बाळाचा समग्र विकास होतो, आजोबा," संचालिका चिन्मयी मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या.

"हाव," नत्थूजी म्हणाले. "फक्त झोपवताना त्याले खांद्यावर घ्या. पाळण्यात नाही झोपत तो."

"आमच्याकडे खांद्याची सवय लावत नाही."

दुपारी झोपेची वेळ झाली. सवय न लावलेला ओजस रडायला लागला. त्याचं बघून शेजारचा रडला, मग ओळीने सगळे. जयवंता नावाची आया या पाळण्यावरून त्या पाळण्याकडे धावत होती. तिकडे उन्नती ऑफिसात मोबाइलवर पाळणाघराचा कॅमेरा बघून स्वतः रडकुंडीला आली होती. आई निश्चिंत राहावी म्हणून तो कॅमेरा होता.

शेवटी नत्थूजी खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले आणि घसा साफ करून स्टँडवरच्या आवाजात सुरू झाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. दिघोरी, विहीरगाव, पाचगाव, चांपा, उदासामार्गे उमरेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे..."

ओजस गप्प झाला. घरी तो याच गाडीने झोपत असे. नत्थूजींनी आवाज उतरवला आणि गाडी एकेका गावावरून सावकाश नेली. पाचगावला त्यांची गाडी नेहमीच जरा जास्त थांबे. चांपा येईपर्यंत अर्धी खोली झोपली आणि उदाशाला जयवंताही भिंतीला टेकली.

"बाप्पा! काय मंतर मारला, काकाजी?" ती मग डबा घेऊन व्हरांड्यात आली.

"मंतर काय, डुटी केली. तुया घरी आहे का लहान कोणी?"

"नात आहे न. शेजारणीपाशी ठेवून येतो. इथं काम करनाऱ्याचं नात्यातलं लेकरू ठेवताच येत नाही. आपल्याच लेकराले जास्त जीव लावते म्हणे मानूस."

"लावतेच," नत्थूजी म्हणाले आणि तिच्या डब्यातली चटणी मागून घेतली.

आठवडाभर उमरेडची गाडी वेळेवर सुटली. चिन्मयी मॅडमनी पालकांना कळवलं की संस्थेच्या शास्त्रशुद्ध पद्धतीमुळे मुलं आता लवकर झोपतात. मग आठवडा संपला, नत्थूजींची खुर्ची व्हरांड्यातून उचलली गेली आणि सोमवारी दुपारी शास्त्र कोलमडलं. सगळी मुलं एका सुरात रडली. उन्नतीला मीटिंगमधून उठून यावं लागलं. मंगळवारी आणि बुधवारीही तेच.

"साहेब म्हणाले, रजा संपली ना मॅडम, की अजून चालू आहे?" रात्री जेवताना उन्नती सांगत होती. "बाबा, असंच राहिलं तर मला नोकरी सोडावी लागेल."

"सोडायची नाही," नत्थूजी म्हणाले. "तुया सासूनं तुले पेढा भरवला होता न नोकरी लागली तेव्हा. सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओजसला आत दिलं आणि थेट चिन्मयी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"आजोबा, तुम्ही दुपारी येत जा ना," मॅडमच अजिजीने म्हणाल्या. "पण काय आहे, आठवड्यानंतर बाहेरच्या माणसाला थांबता येत नाही. फक्त स्टाफ."

"मंग घ्या न स्टाफमधी."

मॅडम हसल्या. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला आणि त्यांचं हसणं थांबलं.

स्टाफसाठी पोलिसांचा दाखला लागत होता. नत्थूजी पोलीस ठाण्यात गेले.

"कायले पाहिजे दाखला?" हवालदाराने विचारलं.

"नातवाले सांभाळाचं आहे."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काकाजी, घरच्या पोराले सांभाळाले पोलिसाची परवानगी कवापासून लागाले लागली?"

"तो कंपनीत लागला न," नत्थूजी म्हणाले.

दाखला मिळाला. ओजसच्या पाळण्याजवळ बसायला मिळावं म्हणून म्हाताऱ्याची एवढी धडपड, असं म्हणताना मोहितचे डोळे पाणावले. नत्थूजी कामावर रुजू झाले, त्यांना निळा कोट मिळाला आणि त्याच दुपारी चिन्मयी मॅडमनी उन्नतीला फोन केला.

"मॅडम, एक अडचण आहे. तुमचे सासरे आता आमचे कर्मचारी आहेत. कर्मचाऱ्याच्या नात्यातलं मूल आम्हाला ठेवता येत नाही. ओजसला उद्यापासून..."

"अहो, पण ते ओजससाठीच तर लागलेत!"

"हो ना. म्हणूनच."

त्या रात्री घरात बैठक बसली. उन्नतीने तीन वेळा मांडणी करून पाहिली. आजोबा पाळणाघरात, म्हणून बाळ पाळणाघरात नाही. बाळ घरी, तर आजोबा घरी नाहीत. मोहित म्हणाला, "दुसरं पाळणाघर पाहू." कंपनीच्या यादीत दुसरं नव्हतं.

"मी राजीनामा देऊन देतो," नत्थूजी म्हणाले.

"मग ओजसला परत घेतील?" उन्नतीने विचारलं.

घेणार नव्हते. ती जागा दुपारीच भरली होती. मग मोहित पुटपुटला, "बाबांजवळच ठेवू म्हणतो मी. सध्या."

नत्थूजींनी निळा कोट घडी करून ठेवला. पंधरा दिवस सुरळीत गेले. भत्ता बंद झाल्यावर घरात पैसे उरू लागले. उन्नती वेळेवर जाऊ लागली आणि तिचा साहेब टोमण्यांना मुकला. चिन्मयी मॅडम मात्र रोज दुपारी उमरेडच्या गाडीसाठी नत्थूजींना फोन करत आणि तो स्पीकरवर लावून पाळण्यांच्या मधे ठेवत. संस्थेने फी वाढवली होती.

एका शनिवारी उन्नती राहिलेला गणवेश परत करायला पाळणाघरात गेली. तिथे जयवंता भेटली. घरी आली ती चप्पल न काढताच आत गेली. ओजस नत्थूजींच्या खांद्यावर होता, अंगाभोवती कुसुमताईंचं दुपटं होतं. फोन उशीवर होता आणि गाडी विहीरगाव सोडून पुढे निघाली होती.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "नात्यातलं मूल ठेवत नाहीत, हे जयवंताबाईंनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं?"

नत्थूजींनी ओजसला थोपटत तिच्याकडे पाहिलं. मग फोनवर हात ठेवला.

"हळू बोल वं," ते म्हणाले. "पाचगाव आलं. तुया सासूचं माहेर. इथं गाडी दोन मिनिटं थांबते."