मेव्हणीच्या लग्नात माझी हळद

मेव्हणीच्या लग्नात तरी साडूपेक्षा तरुण दिसायचंच, असं मी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

आमचे साडू लालासाहेब, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मिलिट्रीत हवालदार. वयानं माझ्याहून मोठे, पण शेजारी शेजारी बसलो की लोक आधी मलाच पाट देतात, "थोरलं पाव्हणं, दमला असाल" म्हणून! (मी सांगलीत एका अडतीवर कारकून. दिवसभर गादीवर बसून असतो. दमायचं काय त्यात?)

लग्नासाठी आमची ही आधीच कडेगावला माहेरी निघाली. जाताना मी हळूच विचारलं, "तोंडाला काय लावू गं? स्नो आणू?"

"स्नो कशाला? मसुराचं पीठ, साय अन् चिमूटभर आंबेहळद. लावा अन् लगीच धुवा."

आता आमची अडतच हळदीची. चहूकडं पोती. पोत्याला टेकून डबा खाणारा माणूस आंबेहळद विकत आणायला कशाला जाईल? मालकांकडून चांगली भडक हळकुंडं मागून घेतली, दळली आणि चिमटीनं काय व्हायचंय म्हणून वाटीभर कालवली. लग्नाच्या दिवशी सकाळी तोंडाला थापून पेपर वाचत बसलो. जाहिरातींसकट वाचला.

धुतलं, आरशात पाहिलं आणि किंचाळलो. साबण लावला तर तोंड लालभडक! घाबरून पाणी मारलं, पुन्हा पिवळंधमक. इकडं एस.टी.ची वेळ झालेली. तसाच नवा कोट आणि गुलाबी फेटा चढवून निघालो.

"नवरदेव, खिडकीला बसा," कंडक्टर म्हणाला. "वऱ्हाड कुठं ऱ्हायलं?"

कडेगावच्या स्टँडवर बँडवाले नवऱ्या मुलाची वाट बघत उभे होते. पिवळं तोंड अन् फेटा दिसल्याबरोबर त्यांनी ढोलच बडवला. "आवं, मी न्हवं!" म्हणून मी ओरडतोय, पण बँडापुढं माझं कोण ऐकतो? वाजतगाजत मला मांडवाच्या दारात नेलं. बायका भाकरतुकडा ओवाळायला पुढं झाल्या. त्यात हिची लांबची आत्या, भामाबाई. आमच्या लग्नाला ती आलेली नव्हती. मला बघितलं आणि तिनं तिथंच बसकण मारली.

"आगं बया बया! ह्यो म्हातारा व्हय नवरा? कवळ्या पोरीचं वाटुळं केलं की रं! मी न्हाई हू द्यायची हे लगीन!"

बँड थांबला. लालासाहेब धावत आले, मला ओळखलं आणि पोट धरून मांडवाच्या खांबालाच टेकले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ही बाहेर आली.

"आत्ती, रडू नका! हे नवरदेव न्हवं, माझं मालक हायती!"

भामाबाईनं डोळे पुसले. चेहरा लख्ख खुलला.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय? मी म्हणलं, पोरीच्या गळ्यात पडतंय. तुजं काय बाई, तुला सवय झाली आसंल."

ही लाजून "व्हय" म्हणाली, आणि बँड पुन्हा सुरू झाला.