आठ पाकळ्या आणि एकच कान

भेट ही उघडण्यासाठी नसते, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. आधीच्या पिढ्या अडाणी होत्या. त्या भेटवस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधत, आणि घेणारा ती दारातच टराटरा फाडून बघत असे. त्यामुळे आत काहीतरी असावंच लागे. पुढे रिबिनीच्या फुलाचा शोध लागला आणि ही गैरसोय कायमची दूर झाली.

ज्या चार मजली दुकानाची ही हकिगत आहे, तिथे तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पोटाखाली ‘भेटवस्तू आवेष्टन विभाग’ आहे. मनुष्यबळ दोन. पैकी कागदकाका कागद कापतात, घड्या घालतात आणि चिकटपट्टीचं टोक हरवतात. (दिवसातून सरासरी एकोणीस वेळा. ते टोक शोधण्यासाठी त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख खास वाढवलेलं आहे. विभागाची यंत्रसामग्री म्हणतात ती हीच.) दुसरी रिबनताई. ती फूल बांधते.

तिची पद्धत अशी. रिबीन चार बोटांभोवती गुंडाळायची, मध्ये कंबर आवळायची, आणि मग एकेक पाकळी बाहेर ओढायची, शाळेला उशीर झालेल्या पोरीची बाही ओढून सरळ करतात ना, तशी. घाईने, पण न दुखवता. पाकळ्या आठ. शेपट्या दोन, एक लांब आणि एक आखूड. आखूड शेपटी ओढली की अख्खं फूल एका झटक्यात सुटतं. ही सोय रिबनताईने मुद्दाम ठेवली आहे. गेल्या चार वर्षांत एकाही ग्राहकाने ती वापरलेली नाही.

विभागप्रमुखांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांनी स्वतः कधी कसली गाठ मारलेली नाही (त्यांच्या बुटांना नाडी नसते), त्यामुळे ते या विषयाकडे निःपक्षपातीपणे पाहू शकतात. त्यांनी रिबनताईच्या फुलाचा अभ्यास करून काढलेल्या परिपत्रकातलं तिसरं कलम विभागात आजही मोठ्या अक्षरात लावलेलं आहे: ‘गाठ दिसली पाहिजे, परंतु सापडता कामा नये.’

इथवर सगळं सुरळीत होतं. मग ससा गेला.

झालं असं, की एका मंगळवारी पाळणाघरातल्या मावशी आजारी पडल्या आणि रिबनताईला आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, कामावर आणावं लागलं. भिंगरीबरोबर ससा आला. ससा म्हणजे बाबाच्या जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेला, एका कानाचा. दुसरा कान भिंगरीने दात येण्याच्या दिवसांत चावून संपवला होता. दुपारी ससा दमला. भिंगरीने त्याला टेबलावरच्या एका रिकाम्या खोक्यात झोपवलं, पातळ कागदाचं पांघरूण घातलं, आणि त्याला उजेडात झोप येत नाही म्हणून वर झाकण लावलं. त्या खोक्यातली काचेची फुलदाणी तेव्हा बाजूला पुसून वाळत ठेवली होती. काकांनी झाकण लावलेलं खोकं पाहिलं आणि सवयीने निळ्या ठिपक्यांच्या कागदात गुंडाळलं. रिबनताईने फूल बांधलं. ग्राहक घेऊन गेला.

“खोकं जरा हलकं नव्हतं का हो, काका?” ती म्हणाली होती.

“हल्ली काचाच हलक्या येतात,” काका म्हणाले होते.

संध्याकाळी विभागात एक फुलदाणी जास्त भरली आणि एक ससा कमी. फुलदाणी साहेबांच्या टेबलावर गेली. सशाला मात्र हिशेबात रकानाच नव्हता.

त्या दिवसापासून भिंगरी जेवताना एक वाटी जास्त मांडू लागली. ससा आला आणि उपाशी राहिला तर? आई कामावरून आली की चपला काढायच्या आत तिला रोज तोच प्रश्न.

“आज आला?”

“उद्या येईल हं.”

“त्याला आतून गाठ सोडता येत नसेल ना गं, आई? तू इतकी घट्ट का बांधतेस?”

दुसऱ्या दिवशी कामावर पोचताच रिबनताईने पिशवी टेबलावर टाकली. ती साहेबांकडे गेली.

“साहेब, त्या मंगळवारच्या खोक्यातून माझ्या मुलीचा ससा गेलाय.”

“जिवंत?”

“नाही हो. मोज्याचा.”

“ज्याला मिळाला त्याची तक्रार आली?”

“नाही.”

“मग गेला नाही. फुलदाणीच्या जागी मोजा निघाला तर माणूस गप्प बसेल का? तुम्हीच सांगा.”

“पण साहेब, त्यांनी उघडलंच नसेल तर?”

साहेबांचा चेहरा उजळला. ससा त्यांच्या डोक्यातून तत्क्षणी निघून गेला. “म्हणजे फूल काय प्रतीचं असेल बघा! अहो, याची पाहणी व्हायला हवी.”

पाहणी झाली. दुकानाने घरपोच पाठवलेल्या तीनशे बारा भेटींचा माग काढण्यात आला. उघडलेल्या निघाल्या नऊ. त्यांतल्या चार उंदरांनी उघडल्या होत्या, दोन लहान मुलांनी (दोघांनाही रागावण्यात आलं आहे), एक गळक्या टाकीने, आणि एक अंधुक दिसणाऱ्या आजोबांनी, आपल्या औषधांची पिशवी समजून. नववीचं कारण कळू शकलं नाही. ते कुटुंब शहर सोडून गेलं. उरलेल्या तीनशे तीनपैकी एकशे अठरा कपाटांवर होत्या, चाळीस पलंगाखाली, आणि एकशे पंचेचाळीस पुढे दुसऱ्या कुणालातरी दिल्या गेल्या होत्या. त्यांतली एक तर अकरा घरं फिरून मूळ देणाऱ्या बाईंकडेच परत पोचली. ‘अगदी माझ्या आवडीचं आहे,’ असं त्यांनी लेखी कळवलं. खोकं मात्र तेव्हाही बंदच होतं.

रिबनताईने अहवाल दोनदा वाचला. सशाचा उल्लेख नव्हता. ती मग कुणाच्या घरी गेली की बोलता बोलता कपाटाच्या माथ्यावर नजर टाकू लागली. निळे ठिपके, आठ पाकळ्या. सगळीकडे तेच. साऱ्या गावाची फुलं आपणच बांधायची आणि त्यांतलं एक ओळखायचं, म्हणजे कठीणच.

पंधरा महिने गेले. अहवालामुळे दुकानाचं नाव झालं आणि साहेबांनी रिबनताईचा सत्कार करायचं ठरवलं. खानावळीत टेबलं जोडली, साहेब ‘न उघडण्याची संस्कृती’ या विषयावर बावीस मिनिटं बोलले, आणि तिच्या हातात एक भेट ठेवली. निळे ठिपके. आठ पाकळ्या.

“उघड की गं,” काका म्हणाले.

“राहू द्या हो. इतकं छान बांधलंय.” (बांधलं तिनेच होतं, हे तिला दिसत होतं. पण त्यात विशेष काय? सगळंच तिने बांधलेलं असतं.) “वन्सं नव्या घरात राहायला जातायत. त्यांना होईल.”

“हलकं दिसतंय.”

“नाजूक काहीतरी असेल.”

“हल्ली भेटीच हलक्या येतात,” काका म्हणाले.

घरी ती भेट कपाटावर गेली. तिथे आधीच्या चार होत्या.

रविवारी नणंदेकडे जायचं म्हणून धावपळ चालली होती. नवऱ्याने स्टुलावर चढून भेट खाली काढली आणि भिंगरीच्या मांडीवर ठेवली. “सांभाळ हं, मी शर्ट बदलून येतो.” भिंगरी बूट घालून पलंगाच्या कडेवर पाय हलवत बसली होती. तिने फुलाकडे पाहिलं. त्या मंगळवारी दिवसभर आईला फुलं बांधताना पाहिलेली ती पोर. तिने आखूड शेपटी धरली आणि ओढली.

“भिंगरी! अगं कार्टे, आता आत्याला काय द्यायचं?”

रिबनताई आधी हे ओरडली. मागाहून ती ते नाकबूल करू लागली आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

भिंगरीने कागद काढला, झाकण उचललं, पांघरूण बाजूला केलं. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “हळू बोल ना, आई. झोपलाय अजून.”

एक कान. बाबाचा मोजा. रिबनताई होती तिथेच फरशीवर बसली. पोरीला सशासकट कवेत घेतलं तेव्हा इस्त्रीची साडी चुरगळली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

रडून झाल्यावर तिने खोक्याचं बूड पाहिलं. तिथे नावांच्या चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक चिकटवलेल्या. तिने नखाने त्या सुट्या केल्या. सगळ्यात वर ती स्वतः. खाली साहेब. त्याखाली साहेबांचे साडू. त्याखाली दोन अनोळखी नावं. आणि त्याखाली, सुरेख अक्षरात, ‘सप्रेम भेट, आम्हा उभयतांकडून’. अक्षर रिबनताईचंच होतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या वाढदिवसाला तुमच्या मित्राने दिलेलं खोकं... कपाटावर आठ महिने होतं ते...”

“मग? आपण दिलं की ते पुढे,” नवरा शर्टाची बटणं लावत म्हणाला. “छान होतं.”

उशीर झालेला होता. दुसरी भेट उतरवायची तर स्टूल पुन्हा आणावं लागलं असतं. रिबनताईने रिकाम्या खोक्याला झाकण लावलं, कागद जुळवला आणि आठ पाकळ्या ओढल्या. भिंगरी ससा घेऊन पुढे चालली. नणंदेने दारातच भेट हातात घेतली आणि म्हणाली, “अगंबाई, किती सुंदर! हे तर उघडवतच नाही.” खोकं तिच्या नव्या कपाटावर गेलं. महिनाभराने तिथून पुढे गेलं.

सध्या ते कुठे आहे याची माहिती विभागाकडे नाही. तुमच्या कपाटावर निळ्या ठिपक्यांचं काही असेल, तर हात वर करून जरा उचलून पाहा. हलकं लागलं तर आखूड शेपटी ओढा, एका झटक्यात सुटतं.

पण राहू द्या. ते तुम्ही गेल्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकलंत. त्यांचा फोनही आला ना, अगदी आवडीचं निघालं म्हणून?