आपट्यांच्या पुंगळ्या

रेंजवर गोळी सुटली की सगळ्यांच्या माना समोरच्या कागदाकडे वळतात. आपटे मात्र खाली वाकतात. गोळी कुठे लागली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. रायफलीतून बाहेर पडलेली रिकामी पितळी पुंगळी ते आधी उचलणार, चष्मा कपाळावर चढवून उन्हात फिरवणार आणि स्थळ बघायला आल्यासारखं तिच्या निमुळत्या मानेवर, खांद्यांवर मत देणार, "मान सरळ आहे. खांदे उतरलेत. पण चालेल."

आपटे पुण्याचे. ऑकलंडच्या पेनरोज भागात माझ्या डेपोला लागून असलेल्या कारखान्यात साचे बनवतात. मी जुन्या यंत्रांचा धंदा करतो. ऑकलंडला आलो तेव्हा दुसऱ्याच्या डेपोत खोकी उचलत होतो; आज डेपो माझा आहे, आणि तो घासाघीस करून उभा केलाय. सांगितलेल्या भावात मी जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपलासुद्धा घेतलेल्या नाहीत.

नाद दोघांचा एकच. झाडलेल्या पुंगळीत पुन्हा बारूद आणि नवी गोळी भरायची आणि शनिवारी कागदाला भोकं पाडायची. आपटे सशावरही नेम धरत नाहीत. "त्याने माझं काय घोडं मारलंय?"

पुंगळीच्या आकाराने नेम सुधारतो का, हा आमच्या नेमबाजीच्या क्लबातला न संपणारा वाद. पोरांचा कौल आखूड, जाड, रुंद खांद्यांच्या नव्या पुंगळीला. आपटे म्हणतात, "म्हणजे ढेरपोट्या माणसाचा नेम चांगला! आकाराचं काय घेऊन बसलात? पुंगळ्या एकसारख्या हव्यात, आणि आपापल्या रायफलीला सरावलेल्या." बार उडताना पितळ फुगतं आणि त्याच रायफलीच्या पोटाचा आकार घेतं, हे ते प्रत्येक नव्या मेंबरला समजावतात. आणि शेवटी हमखास माझ्याकडे वळून, "पुंगळी एकदाच सासरी जाते, शेठ."

माझा राग याच वाक्यावर आहे.

वायकाटोतल्या एका शेतावरच्या विक्रीत मला जुनी थ्री नॉट थ्री रायफल मिळाली. आपट्यांकडे बिस्किटांचा डबा भरून थ्री नॉट थ्रीच्या लख्ख पुंगळ्या, आणि त्या मापाची रायफल मात्र नाही. मला वाटलं, सौदा झालाच.

"विकायच्या नाहीत," आपटे म्हणाले.

"अहो, मग लोणचं घालणार आहात का त्यांचं?"

"तुमच्या रायफलीला त्या बसायच्या नाहीत."

"माझी रायफल बघितलीत तरी का?"

"बघायची गरज काय?"

मी ड्रिल देऊ केलं. व्हाइस देऊ केला, जवळजवळ नवा. माणूस हलेना. मी भडकलो, नाही नाही ते बोललो आणि दुकानातून सांगितलेल्या भावात नव्या पुंगळ्या आणल्या. ते अजून डाचतं. त्यानंतर त्यांचं तोंड दिसू नये म्हणून मी रेंजवर रविवारी जायला लागलो.

पण क्लबाच्या वार्षिक स्पर्धेला दोघांनाही यावं लागलं. मी थ्री नॉट थ्री झाडली. आपटे सवयीने वाकले. पुंगळी उचलली, फिरवली, पण या वेळी मत नाही. मान नाही, खांदे नाहीत. दुसरी उचलली. मग गाडीतून तो डबा घेऊन आले.

त्यांच्या प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर केसाएवढा तिरपा ओरखडा होता. माझ्या पुंगळीवरही तोच, त्याच जागी.

"रायफलीच्या पोटातच चरा आहे," ते म्हणाले. "रॉन दुरुस्त करू द्यायचा नाही. म्हणायचा, माझी सही आहे ती."

रॉन त्यांचा कारखान्यातला फोरमन. नवे असताना आपटे स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, कोपऱ्यात एकटे डबा खायचे. एका शुक्रवारी रॉन समोर येऊन बसला, बटाट्याची भाजी चाखली आणि म्हणाला, उद्या रेंजवर चल, हे घेऊन ये. मग पुढचे सगळे शनिवार तसेच गेले, आपट्यांचा एक डबा आणि रॉनची एक रायफल. रॉन वारला आणि त्याच्या मुलाने घर आवरताना रायफल विकून टाकली.

"तुम्ही मागितली का नाही?"

"दुःखाच्या घरी कसं मागायचं, शेठ? वाटलं, मुलगा आपणहून विचारेल."

मी असतो तर तिथेच, हातात चहा असताना मागितली असती.

माल माझ्या हातात, गिऱ्हाईक अडलेलं. असा सौदा जन्मात एकदा येतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आपट्यांनी डबाच माझ्याकडे सरकवला. "घ्या. यांचं सासर सापडलं."

रायफलीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

"आधी तुम्ही झाडा," मी जरा जोरातच म्हणालो. माझा स्वरच तसा आहे.

ते चटईवर आडवे झाले. गोळी सुटली. बोल्ट मागे ओढला, पुंगळी गवतात पडली. आपटे वाकले नाहीत, वळलेही नाहीत. दस्त्याला गाल लावून तसेच पडून राहिले. शेवटी मीच वाकलो.

"कशी आहे?" त्यांनी न बघता विचारलं.

पुंगळी अजून गरम होती. मी ती उन्हात फिरवली.

"खांदे उतरलेत," मी म्हणालो. "पण चालेल."