रंगनाथाच्या चाकाचा टवका

एका जंगलात, मुलांनो, रस्ता अजून व्हायचा होता, पण गाड्यांचं दुकान झालं होतं. दुकान कोल्ह्याचं. त्याच्याकडून रंगनाथ अस्वलाने नवीकोरी गाडी घेतली.

गाडीपेक्षाही रंगनाथाचा जीव तिच्या अलॉय व्हील्सवर होता. ती चाकं इतकी चकचकीत, की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसे. अस्वलाला स्वतःचं तोंड कशाला पाहायचं होतं, ते विचारू नका. हौस ती हौस. बायको कौसल्या म्हणाली होती, "साध्या चाकांवर गाडी चालत नाही का?" पण रंगनाथाने आयुष्यात पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही.

गाडी दारात आली. कौसल्येने हळदकुंकू वाहिलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. उरला नारळ. तो फोडायचा मान तिच्या भावाचा, दौलतरावांचा. तेही अस्वलच, पण अंगाने रंगनाथाच्या दुप्पट आणि सल्ले देण्यात चौपट.

दौलतरावांनी नारळ जमिनीवर आपटला. जमीन मऊ. नारळ नुसताच घरंगळला.

"दगड आणू का?" रंगनाथाने विचारलं.

"दाजी, तुम्ही गप उभे राहा. मी काय आज पहिल्यांदा नारळ फोडतोय?"

असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जे पहिलं टणक दिसलं त्यावर नारळ हाणला. नारळाची दोन शकलं झाली. चाकाच्या कडेचा चांगला बोटभर टवका उडाला.

जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथ वाकून चाक चाचपू लागला.

"पाणी गोड आहे हं," दौलतराव म्हणाले.

रंगनाथ तडक कोल्ह्याकडे गेला. कोल्ह्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हळहळलाही. मग म्हणाला, "खड्ड्याने फुटलं असतं तर काहीतरी बघितलं असतं, साहेब. पण हे भक्तीने फुटलंय. त्यात दुकानाने कसं पडायचं?"

रंगनाथ घरी परतला, तोवर कौसल्येचा तपास पूर्ण झाला होता.

"शेजारची सायाळ सकाळीच म्हणाली, चाकं छान आहेत. तिचीच दृष्ट! दादाने नारळ फोडला म्हणून चाकावर निभावलं, नाहीतर अख्खी गाडी गेली असती."

"माझं कसलं कौतुक?" दौलतराव नम्रपणे म्हणाले. "देवाने करवून घेतलं."

आता मात्र रंगनाथाला राहवेना. चाक गेलं ते गेलं, पण ते कोणी फोडलं एवढं तरी कोणीतरी तोंडाने म्हणावं, इतकीच बिचाऱ्याची इच्छा होती. त्याने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं, "दौलतराव, चाक तुम्ही फोडलंत."



"कौसल्ये, मी निघतो," दौलतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भाऊबीजेला वाट पाहू नकोस."

कौसल्या नवऱ्याकडे वळली. "नारळ फोडणाऱ्याचं लक्ष नारळाकडे असणार की चाकाकडे? गाडी चार हात मागे घ्यायला काय झालं होतं तुम्हाला? आणि ही चाकं हवी कोणाला होती?"

रंगनाथ विचारात पडला. गाडी त्याची. हौस त्याची. गाडी तिथे उभी केली त्यानेच. नारळसुद्धा त्यानेच निवडून आणलेला, चांगला कडक बघून. दौलतरावांचे यात काय ते फक्त दोन हात!

"चुकलं माझं," तो म्हणाला.

दौलतराव लगेच विरघळले. त्यांनी रंगनाथाला पोटाशी धरलं. "जाऊ द्या, दाजी. मी मनात ठेवत नाही. पण दृष्ट जबरदस्त आहे बरं का. अजून तीन चाकं शाबूत आहेत, तेवढी तरी वाचवू." आणि त्यांनी बहिणीपुढे हात केला. "आण गं नारळ."

तात्पर्य : मुलांनो, चाक कोणी फोडलं हे विचारत बसू नये. गाडी कोणाची एवढंच विचारावं, म्हणजे गुन्हेगार आपोआप सापडतो. म्हणून मोठेपणी गाडी दुसऱ्याला घेऊ द्या आणि आपण नारळ फोडायला वेळेवर पोचा.